सूक्ष्मदर्शकाची पूजा

सदलग्याजवळच्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायचो. सरकारने शाळेला एक सूक्ष्मदर्शक दिला होता. फुटला तर जाब द्यावा लागेल, म्हणून मी तो कपाटात कुलूप लावून ठेवला. खंडेनवमीला तेवढा बाहेर काढायचा, हळद-कुंकू लावायचं, मुलांनी लांबूनच हात जोडायचे. दरवर्षी तपासणीला साहेब यायचे आणि ‘सुस्थितीत’ असा शेरा मारून जायचे. मुलांनी त्यातून काय पाहिलं, हे एकानेही विचारलं नाही. मला मात्र त्या शेऱ्याचा केवढा अभिमान! आज त्याची चीड येते.

निवृत्तीच्या वर्षी पूजेच्या वेळी एका मुलीने विचारलं, “सर, ह्यातनं कांद्याचा पापुद्रा कसा दिसतोय वो?”

मी तिला पुस्तकातलं चित्र दाखवलं. मीही तेवढंच पाहिलं होतं.