जांभळ्या तेलाचे फिटर

चहाची किटली आली की आमचे एकमेव फिटर वाटेत आडवे उभे राहायचे. "आधी हात, मग चहा." प्रत्येकाचे हात उलटेसुलटे बघायचे, तेलाचा डाग दिसला की साबणाकडे पिटाळायचे. मी स्टोअरकीपर, दिवसभर कागदांतला माणूस; पण मलाही सूट नव्हती.

धायरीच्या पुढे आमचा छोटा कारखाना होता. विमानाची चाकं आत-बाहेर करणारे सिलिंडर तिथे दुरुस्तीला येत. त्यांत जांभळं, कृत्रिम तेल असतं. सहज पेट घेऊ नये म्हणून बनवलेलं. दिसायला अगदी सरबत. एकदा माझं प्लास्टिकचं पेन त्यात पडलं आणि दुसऱ्या दिवशी मऊ होऊन वाकलं. फिटरांनी ते चिमटीत धरून मला दाखवलं.

"पेनाचं हे होते, तर कातडीचं काय होत असन, जी?"

ते वर्ध्याकडचे, बोलायला मऊ. मी पुण्याच्या पेठेतला. तुम्हाला आमची जीभ ठाऊक आहेच. एका बुधवारी ते नवे हातमोजे मागायला आले. आधीचे तेलाने फुगून फाटले होते.

"अहो, हातमोजे सोमवारी मिळतात. कॅलेंडर तिकडे, भिंतीवर आहे."

ते हसले. "बरं जी. पण हात तर रोजच असतात." आणि उघड्या हातांनी कामाला गेले.

त्याच आठवड्यात चाचणीच्या टेबलावर नळी फुटली. मी कसल्याशा सहीसाठी नेमका शेजारी होतो. फवारा डोळ्यांत गेला आणि मिरचीपूड चोळल्यासारखी आग झाली. फिटरांनी मला ओढत नळाखाली नेलं.

"उघडा डोळे! ओरडा, पण उघडे ठेवा!"

पंधरा मिनिटं त्यांनी माझ्या पापण्या बोटांनी उघड्या धरल्या. ते स्वतः डोक्यापासून बुटांपर्यंत त्याच तेलात भिजलेले होते. मला रिक्षात बसवलं आणि मगच त्यांनी अंगावर पाणी घेतलं.

माझे डोळे वाचले. त्यांच्या पायांना मात्र पुढच्या काही महिन्यांत मुंग्या यायला लागल्या. एका सकाळी ते गेटमधून आत आले ते एकाच चपलेवर.

"दुसरी कुठे?" मी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. "सुटली वाटते. कळलंच नाही." तळव्यात काच रुतली होती. तीही कळली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "तेलामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. तेलामुळे नाही, असंही नाही. इतकी वर्षं त्यात काढलीत, आता लांब राहा."

फिटरांनी उपचारासाठी मालकांकडे मदत मागितली. मालकांनी मला बोलावून एक कागद पुढे सरकवला. हातमोजे आणि मास्क मागितले तेव्हा दिले जात होते, असं त्यात होतं. 'मागितले तेव्हा' हे शब्द मी दोनदा वाचले. मुलीचं बारावीचं वर्ष होतं. मी सही केली. मदत नाकारली गेली.

माझ्या सहीचं त्यांना कळलं. माझ्या टेबलापाशी आले.

"तुमचे डोळे बरे आहेत ना आता?"

"हो," मी म्हणालो.

बास. ते गेले. आजही तोंड धुताना पापण्यांवर कुणाची तरी बोटं आहेत असं वाटतं, आणि मी घाईघाईने टॉवेल ओढतो.

ते गावी परत निघाले तेव्हा मी न बोलावता पुणे स्टेशनवर गेलो. दुपारची गाडी होती. मी डब्यात चढलो तेव्हा त्यांच्या पत्नी, वहिनी, बाकाखाली पिशव्या सरकवत होत्या. फिटर खिडकीशी, पाय समोरच्या बाकावर पसरून बसलेले.

"काहून आले, साहेब? सुट्टी फुकट घालवली."

जे बोलायचं ते मी घरून जुळवून नेलं होतं. फलाटावर पाणीवाला आला, ते खिडकीकडे वळले. मी वाकलो. वयाने ते माझ्याहून लहान, तरी त्यांची दोन्ही पावलं हातांत घेतली आणि धरून राहिलो.

त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. "थंड आहे का, बा?" ते पाणीवाल्याला विचारत होते.

वहिनींनी पाहिलं. मी हात काढेपर्यंत त्या थांबल्या, मग चादर ओढून त्यांनी ती पावलं झाकली.