सर्वांत मागची कॅप्टन

मालसूनताई दिवसभर बसून काम करतात. मासान या बंदराच्या शहरातल्या बाजारात त्यांचं कपडे आखूड-सैल करून देण्याचं दुकान आहे. पण बसल्या बसल्याही त्या चालतच असतात. मशीनवरचा पाय थांबला की दुसरा हलायला लागतो. गिऱ्हाईक पडद्याआड पँट घालून बघतं, तेवढ्यात त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात.

आमच्या गिरिभ्रमण मंडळात आधी त्या पुढे चालायच्या. एका रविवारी त्यांनी पुढची तुकडी दीड तास लवकर बसपाशी आणली आणि मागचे अकरा जण भलत्याच गावात उतरले. त्या संध्याकाळी अध्यक्ष नोह म्हणाले, "ताई, तुम्ही पुढे राहिलात तर मंडळ बंद पडेल. आजपासून तुम्ही मागची कॅप्टन."

मागच्या कॅप्टनचा नियम एकच. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्याही मागे राहायचं, त्याला ओलांडायचं नाही. ती पोचली म्हणजे सगळे पोचले. ताई चार वर्षं हे करत होत्या. म्हणजे चार वर्षं दुसऱ्यांच्या टाचा बघत होत्या.

या चालीनेच आम्ही बेकदू पर्वतरांग उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत आणली होती, एकेका रविवारी एकेक तुकडा. सातशेच्या आसपास किलोमीटर झाले. आता फक्त जिरिसान डोंगराची धार आणि तिच्या टोकाचं चनवांगबोंग शिखर उरलं होतं. दोन दिवसांची चाल. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत शेवटची चौकी ओलांडली तरच शिखराकडे सोडतात. बाकीचे आधी कधी ना कधी तिथे जाऊन आले होते. ताई दोनदा त्याच चौकीवरून परतल्या होत्या, एकदा धुक्यामुळे, एकदा कुणाचा तरी पाय मुरगळला म्हणून. आणि नोव्हेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, यापुढे सपाटीवर चाला.

"सपाटीवर काय असतं?" ताई म्हणाल्या. "बस स्टॉप."

बसमध्ये मी सगळ्यांच्या सॅक स्प्रिंगच्या काट्यावर टांगून बघितल्या. ताईंची त्यांनी स्वतः शिवलेली, जादा पट्टे कापून टाकलेली सॅक सहा किलो दोनशे ग्रॅम. प्यो दोकसूंची सतरा किलो चारशे.

"प्योसाहेब, नांगर आणलाय का गोदीतला?" मी विचारलं.

"थोडं खायचं आहे," ते म्हणाले.

प्योसाहेब वसंतात गोदीतून निवृत्त झाले आणि मंडळात आले. वर गेल्यावर प्रत्येकाने डबा उघडायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचं, ही आमची पद्धत. पहिल्या तीन खेपांना त्यांनी स्वतःपुरती भाताची गुंडाळी आणली आणि बाकीच्यांचं पोटभर खाल्लं. कुणीतरी म्हणालं, "प्योसाहेब चॉपस्टिक मात्र घरून आणतात हं." सगळे हसले, तेही हसले. या वेळी त्यांनी दोन किलो उकडलेलं डुकराचं मांस, किमचीचा डबा, सोया सॉसमधल्या खेकड्यांची काचेची बरणी आणि एक अख्खं कलिंगड भरलं होतं. पण पहिल्या संध्याकाळी ते मुक्कामी पोचेपर्यंत सगळ्यांची जेवणं उरकली होती. सॅक भरलेलीच राहिली.

पुढचं प्योसाहेब प्रत्येक बसमध्ये सांगतात. ताई एकदाही सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते धावायचे आणि बसायचे, धावायचे आणि बसायचे.

"धावू नका. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला," ताई म्हणाल्या.

"बोलतोय की मी."

"तुम्ही धापा टाकताय. त्यातले शब्द मी शोधतेय."

अकरा वाजता एका खिंडीत ताईंनी त्यांची सॅक उघडली आणि कलिंगड बाहेर काढलं.

"हे कशाला?"

"शिखरावर कापणार होतो. सगळ्यांसमोर."

"इथेच कापा."

"अहो, ते आपल्या माणसांसाठी आहे!"

"आपली माणसं दोन तास पुढे गेली."

समोरून शाळामास्तरांचा एक घोळका येत होता. ताईंनी त्यांना थांबवून कलिंगड वाटलं, मांस वाटलं. आता फुकट खाऊन कोण जातं? मास्तरांनी वाकून आभार मानले आणि बळेबळे सहा काकड्या नि डझनभर उकडलेली अंडी सॅकमध्ये कोंबली. नको-घ्या, नको-घ्या यातच अर्धा तास गेला. खेकड्यांची बरणी ताईंनी आपल्या सॅकमध्ये घेतली.

त्यानंतर प्योसाहेब नीट, एका लयीत चालले. पण घड्याळ पुढे गेलं होतं. एक वाजून वीस मिनिटांनी, शेवटच्या चढाखाली, त्यांनी बसकण मारली.

"ताई, तुम्ही जा. मी येतो सावकाश."

ताई दहा पावलं वर गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा गेल्या त्या गेल्याच. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी मागे टाकलं.

चौकीपाशी अध्यक्ष आणि मी पाणी घेऊन थांबलो होतो. एक वाजून एक्कावन्न मिनिटांनी ताई आल्या, घामाने निथळत, एक पाय जरा ओढत. त्यांच्या दंडावरची मागच्या कॅप्टनची पिवळी पट्टी बघून पहारेकऱ्याने वाट बंद करायच्या साखळीला हात घातला.

"मागची कॅप्टन आली म्हणजे झालं. मागे कोणी नाही ना?"

समोर शिखराचा उघडा खडक दिसत होता. ताई तिकडे बघत होत्या, पाय हलत होता.

"एक आहे," त्या म्हणाल्या. "अर्धा तास तरी लागेल."

"मग त्याला वर सोडता येणार नाही. पण तुम्ही जा की, वेळ आहे अजून."

"त्यांना खाली कोण नेणार?"

"मी नेतो," अध्यक्ष म्हणाले. "ताई, तुम्ही निघा. ऐका माझं."

"तुम्ही अध्यक्ष. मागची मी आहे."

"आज पट्टी मी बांधतो, द्या इकडे!"

"त्यांना सोडून मी आले," ताई म्हणाल्या. "तुम्ही नाही."

अध्यक्षांनी पुढे केलेला हात मागे घेतला. दोन वाजता साखळी लागली. ताई बसल्या नाहीत. खांबापासून साखळीपर्यंत आणि साखळीपासून खांबापर्यंत चालत राहिल्या. बाटली पुढे केली तर चालता चालताच प्यायल्या.

दोन पंचवीसला प्योसाहेब वळणावर दिसले. ताईंना बघून तिथेच थबकले.

"तुम्ही इथे? मला वाटलं, आत्ता शिखरावर असाल."

"उतार डावीकडून आहे," ताई म्हणाल्या.

"अहो, पण माझ्यामुळे तुमचं..."

"पुढे व्हा."

प्योसाहेब मान खाली घालून पुढे झाले. त्यांच्यामागे दोन पावलांचं अंतर सोडून ताई उतरू लागल्या. दोघं झाडीत दिसेनासे झाले आणि खालून ताईंचा आवाज आला, "इतकंही हळू नाही हो!"