पिवळ्या तापातली माझी गाय

हे सांगू की नको, असं करत दोन महिने काढले. पण चहाला बसलाच आहात, तर ऐका. मी एका कधीच मेलेल्या अमेरिकन डॉक्टरला गाय दिली.

माझी नात मंजू मुंबईला इतिहासात एम.ए. करते. विषय काय, तर पिवळ्या तापाचे प्रयोग. हा ताप डासांमुळे येतो का, हे बघायला पूर्वी क्यूबा बेटावर लोकांनी मुद्दाम डास चाववून घेतले. आम्ही कैनाड गावचे लोक ते रोज फुकट करतो, आमच्यावर कोण प्रबंध लिहितो? तर त्या लोकांनी घरी लिहिलेली पत्रं मंजू सुट्टीत आमच्याकडे बसून कॉम्प्युटरवर शोधून मराठीत आणत होती.

"आजोबा, माझं मराठी सरकारी नोटिशीसारखं होतंय. मी अर्थ सांगते, तुम्ही घरच्या पत्रासारखं लिहा."

मी सातवी नापास. पण वापीच्या कारखान्यांत गेलेल्या पोरांना त्यांच्या घरची पत्रं मीच लिहायचो, पार तलासरीपर्यंतची. लोक सांगणार दोन ओळी, "सगळे बरे आहेत, होळीला ये." उरलेलं पोस्टकार्ड कोरं कसं धाडायचं? मग मी पदरचं घालायचो. गाय व्यायला आलीय वगैरे. गाय असो वा नसो.

त्या लोकांतल्याच त्या डॉक्टरने बायकोला कळवलं होतं की डास चावून घेतलाय, आईला बोलू नकोस. बस्, संपलं. अर्धं पान रिकामं. माझे हात शिवशिवले. खाली लिहिलं, "गाय व्यायला आली असेल, तिला चरायला लांब सोडू नकोस." म्हटलं, मंजू हसेल. तिने डोळे झाकून टाइप केलं आणि प्रबंध तपासणाऱ्या तिच्या मॅडमना पाठवलं.

मॅडमचा फोन. "मंजू, मरण दारात आणि माणसाला गाय आठवते. तुझा प्रबंध या ओळीवर उभा राहील. मूळ पानाचा नंबर तेवढा दे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझ्या गायीचं इतकं कौतुक आधी कधी झालं नव्हतं हो.

मंजूने दोन दिवस पान शोधलं. मग अमेरिकेतल्या ग्रंथालयाला मेल टाकली. उत्तर आलं, आम्ही सगळी खोकी उघडून बघतोय.

सोमवारी प्रबंध द्यायचा होता. शनिवारी मंजूने ताट सरकवलं. "पान नाही मिळालं तर मॅडमना वाटेल, मी पत्र बनवलं. वर्ष गेलं माझं."

"मंजू, ती गाय माझी."

"आपली तर कधीच विकली ना?"

"क्यूबातली."

आयुष्यभर लोकांना फसवलं, पण असं कोणी बघितलं नव्हतं माझ्याकडे. तिने समोरच फोन लावला. "मॅडम, गाय आजोबांची आहे."

मॅडम म्हणाल्या, "त्यांना दे फोन."

मी उभा राहूनच फोन घेतला.

"बाकीच्या पत्रांत काय घातलंत?"

"काही नाही मॅडम. ती पानं भरलेली होती."

पलीकडे हसू फुटलं. "ओळ काढा, ग्रंथालयाची माफी मागा, एकेक पत्र मुळाशी ताडून बघा. पण भाषा राहू दे. अशी पत्रं आता कोणी लिहीत नाही."

रविवारभर आम्ही दोघं ताडत बसलो. सोमवारी प्रबंध गेला, मंजू पास झाली. परवा बांधलेली प्रत घेऊन आली. आभाराच्या पानावर शेवटी शिकलेले लोक लिहितात म्हणे, चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या. मंजूने लिहिलंय, "चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या आजोबांच्या."

जवळच्या सरावली गावात सगळ्यांना दाखवून आलो. तुम्हीही बघा. आधी हात पुसा.