चिठ्ठीत आलेली बाजू

लेकीच्या शाळेत उद्या वादविवाद स्पर्धा आहे. घसा बसू नये म्हणून तिच्या हातावर ज्येष्ठमधाची कांडी ठेवली आणि त्या गोडसर, मातकट वासाने मला नववीतल्या माझ्या महाडच्या स्पर्धेचा तो दिवस आठवला.

तेव्हा आईनेही मला अशीच कांडी चघळायला दिली होती. ठेवणीतली हिरवी साडी नेसून ती तुडीलहून माझ्यासोबत एसटीने आली होती. विषय होता, 'पोटासाठी गाव सोडावे काय?' चिठ्ठीत मला 'सोडावे' ही बाजू आली. बाबा मुंबईत नोकरीला, आम्ही दोघी गावी. मुद्दे शोधावे लागलेच नाहीत. एकटा जेवणारा बाप, सणापुरतं भरणारं घर, म्हणून सोडायचं तर सगळ्या घरानेच गाव सोडावं, असं सगळं मी तावातावाने मांडलं. शेवटच्या बाकावर आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. माझा पहिला नंबर आला.

परतताना तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "काय बोललीस गो! मग जायाचं काय आपण बाबांकडं?"

मी हसत सुटले. "अगो आये, तसं काय नाय. चिठ्ठीत आलं म्हणून बोलले. दुसरी बाजू आली असती तर तीपण बोलले असते."

"असं हाय होय," म्हणत तीही हसली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

तिला स्पर्धा कळलीच नाही, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. परीक्षकांनी मला गुण दिले. पण माझं म्हणणं खरोखर पटलं होतं ते एकट्या तिला. आणि तिलाच मी हसून गप्प केलं.