आठाचे तीन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, पण आधीच बजावते — मध्येच 'जाऊ द्या हो, शेवटी आईच ना तुम्ही' असं म्हणायचं नाही. ते ऐकायला मी बसलेली नाही.

मी नर्स. नव्वदच्या दशकात लातूरहून कुवेतला गेले आणि पंधरा वर्षं वॉर्ड सांभाळला. नवरा अहमदीला तेलाच्या कंपनीत टेक्निशियन. आमची सानिका तिथेच जन्मली. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. नऊ वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. ती जिथे दाखल होती त्या हॉस्पिटलनं काही घरांना एकेक फोन दिला — जाडजूड, पडद्यावर काडीनं टोचायचा. मुलाला किती दुखतंय ते दिवसातून तीनदा त्यात भरायचं, शून्य ते दहा. आकडा पाचाच्या वर गेला की फोनच सांगणार, मॉर्फिनचं सिरप इतकं द्या. तोच आकडा डॉक्टरांकडेही पोचणार. आज असल्या अ‍ॅपचं कुणाला नवल नाही. मला मात्र तेव्हा रागच आला. पंधरा वर्षं लोकांची दुखणी पाहिलेली बाई मी — मला हे खेळणं शिकवणार?

पहिल्याच आठवड्यात सानिका पाय पोटाशी घेऊन म्हणाली, "इट्स एट, आई." मी तीन भरलं.

का? सांगते. मी शिकले त्या काळी मॉर्फिन बाहेर निघायचं ते माणूस जायला टेकलं की. आठ भरणं म्हणजे माझी पोर चालली असं माझ्याच हातानं लिहून देणं. शिवाय वॉर्डातली खोड — डॉक्टरांच्या राउंडआधी चार्ट 'शांत' करून ठेवायचा. एकशे एक ताप असला तरी शंभरच्या आत लिहायचा. ड्यूटी सुरळीत जाते, कुणी ओरडत नाही. पण एवढ्यावर मला सोडणार असाल तर सोडू नका. डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं होतं — भिऊ नका, हे औषध शेवटचं नाही, दुखतंय तर द्या. मी मान डोलावली होती. मला सगळं कळत होतं.

पाच महिने. तीन, दोन, फार तर चार. सिरपची बाटली फ्रिजवर, सीलसुद्धा फोडलेलं नाही. मी तिचे पाय चेपायचे आणि 'शहाणी ना माझी' म्हणायचे. एकदा डॉक्टरांनी थेट तिलाच विचारलं, किती दुखतं? तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थ्री." माझ्या काळजात चर्र झालं असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? नाही झालं. मला हायसं वाटलं.

सानिका बरी झाली. आज पुण्यात नोकरी करते, चांगली ठणठणीत आहे. गोष्ट एवढीच असती तर आम्हा मायलेकींतच राहिली असती. तुमच्यापर्यंत आणलीच नसती.

माझ्या फोनमधले आकडे पाहून डॉक्टर इतके खूश झाले — घरी मुलीला इतकं छान सांभाळणारी आई, त्यात नर्स! — की त्यांनी एक नवी आई माझ्या हवाली केली. मंगल. मालवणकडची, नवरा कुवेतमधल्याच राई भागात एका गॅरेजात मेकॅनिक. हिला इंग्रजी येत नाही, तुमच्या भाषेत फोन समजावून सांगा, म्हणाले. तिची दिव्या सहा वर्षांची होती.

चार दिवसांनी दिव्याला दुखत होतं म्हणून मंगलचा फोन आला. "ताई, चेडू नव सांगता. नव भरू?"

तेव्हा तरी मला खरं बोलता आलं असतं. भर म्हणायचं, बाटली उघड म्हणायचं — किती वेळ लागला असता? पण तिला उघड म्हटलं असतं, तर माझी का बंद, हे मलाच विचारावं लागलं असतं. आणि माझं ते कौतुक? मी म्हणाले, "मुलं फुगवून सांगतात गं. तीन-चार भर."

तिनं भरलं. रोज भरलं. मी नर्स होते ना.

दिव्या चार महिन्यांनी गेली. खऱ्या आकड्यानं ती वाचली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे; त्याच्याआड मी लपणार नाही. पण तिला एवढं दुखलं नसतं. सहा वर्षांच्या मुलीला चार महिने दुखलं, आणि ते थांबवणारं औषध त्यांच्या घरात होतं.

गावी परतण्याआधी मंगल मला भेटायला आली. दारातच वाकून माझ्या पाया पडली. "तुमी शिकवलात म्हणान चेडवाक घराकडे सांभाळूक गावला," म्हणाली. पोरीला घरी सांभाळायला मिळालं, म्हणून माझे आभार.

मी तिला पाया पडू दिलं. 'अगं, त्यात काय एवढं' म्हणाले, आणि आत जाऊन तिच्यासाठी चहा टाकला.