वीबेच्या कुरणातला वारा

चार वर्षं झाली तरी ब्रश पाण्यात बुडवताना रिन्स्केला आपण काहीतरी फसवाफसवी करतोय असंच वाटायचं. नाव तैलरंग, आणि धुवायचे नळाखाली! अडतीस वर्षं तिनं टर्पेंटाइनच्या वासात निसर्गचित्रं काढली होती. तिच्या स्वेटरला, केसांना, घरातल्या ब्रेडलासुद्धा तो वास यायचा आणि कुणी कधी तक्रार केली नव्हती. मग वीबेची, तिच्या नवऱ्याची, फुप्फुसं गेली. जन्मभर गाईंपुढं बुरशी आलेलं वाळलं गवत उपसल्याचं ते बक्षीस. नाकात नळी आली, कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरायला लागलं, आणि पहिल्याच दिवशी नर्सबाईंनी फडताळातल्या बाटल्यांकडे बोट दाखवलं.

"हे घराबाहेर. एक तर यांचा श्वास अडकेल, नाही तर तुमचं घर पेटेल. कुठलं आधी होईल ते मी सांगू शकत नाही."

बाटल्या गेल्या, आणि त्यांच्या जागी पाण्यात कालवायचे तैलरंग आले. त्या दिवशी रिन्स्केची चिडचिड जी सुरू झाली ती झालीच.

तसं पाहिलं तर तिची चित्रं काही थोर नव्हती. गावातलं ग्रंथालय बंद पडेपर्यंत ती तिथं पुस्तकांवर शिक्के मारत होती आणि उरलेल्या वेळात रंगवत होती. झाडं तिला कधीच जमली नाहीत, तिच्या गाई लांबून सोफ्यासारख्या दिसत. पण आकाश तिला यायचं. फ्रीसलंडच्या सपाट मुलखात चित्राचा तीन चतुर्थांश भाग आकाशच असतं, त्यामुळं तिचं भागून जायचं. हे नवे रंग मात्र तिच्या आकाशालाही दाद देईनात. थोडं पाणी घातलं की दुधाळ व्हायचे, नाही घातलं तर ब्रशला गुळासारखे ओढायचे. सगळ्यात वाईट म्हणजे ओले असताना एक दिसायचे आणि पाणी उडून गेलं की दुसरेच. संध्याकाळी जुळवलेला कोवळा हिरवा सकाळी शिजवून ठेवलेल्या पालकासारखा व्हायचा.

एरवी तिनं ते चालवून घेतलं असतं. पण या वर्षी मार्चमध्ये वीबेची खाट खाली आली.

त्यांच्या घराचा जिना शिडीसारखा उभा. वीबेला तो चढवेना, म्हणून दवाखान्यातली खाट पुढच्या खोलीत लावली. खोलीला रस्त्याकडे भली मोठी काच, गावातल्या सगळ्यांसारखीच बिनपडद्याची. येणारा-जाणारा आत बघून हात करायचा. वीबे वैतागला.

"माणसं बघून मला काय करायचंय? माणसं मी पाहिली आहेत."

त्याला बघायचं होतं त्याचं कुरण. ते वरच्या मजल्यावरच्या मागच्या खिडकीतून दिसायचं, तिथूनच फक्त. लग्न झाल्यापासून, म्हणजे सेहेचाळीस वर्षं, रोज सकाळी तो आतल्या कपड्यांवरच त्या खिडकीशी उभा राहायचा. खाली सरळ ओढलेले पाण्याचे चर, पलीकडं समुद्राचा बांध, वर आकाश. बघून झालं की विजार चढवायची आणि दिवस सुरू. गाई विकल्या, कुरण शेजारच्याला खंडानं दिलं, तरी हा नेम चुकला नव्हता. आता तो नेमच गेला, तर त्यानं तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टर सांगत होते, सकाळी दोन तास तरी बसवा, आडवं पडून राहिले तर छातीत पाणी साठेल. वीबे म्हणायचा, "बसून काय बघू? रस्ता?"

"मी आणते तुझं कुरण खाली," रिन्स्के म्हणाली. समोरच्या भिंतीवरून तिनं मुलीच्या लग्नाचा फोटो उतरवला आणि जवळजवळ दीड मीटर लांब कॅनव्हास ताणला. आता हे चित्र वीबेला पटलं तर तो उठून बसणार, नाही तर नाही. इतकं ते सरळ होतं.

एप्रिलात पहिलं चित्र झालं. वीबेनं मान वळवून बघितलं.

"हे बिलियर्डचं टेबल आहे."

मे महिन्यात तिनं त्याच्यावरच दुसरं रंगवलं. या वेळी तो फार वेळ बघत राहिला, त्यामुळं तिला आशा वाटली.

"छान आहे," तो म्हणाला, "संडासात टांगतो त्या वाढदिवसांच्या कॅलेंडरावर शोभेल. ऑगस्ट महिन्याला."

रिन्स्केनं त्याच्या पुढ्यातली लापशीची वाटी उचलून नेली. अर्धी उरली होती, तरी नेली.

तिची खात्री होती की घोडं हिरव्यात अडलंय. शेतकऱ्याला गवत कुणी शिकवायचं? मग ती रोज बांधापर्यंत जाऊन मूठभर गवत खिशात घालून आणायची आणि पॅलेटशेजारी ठेवून रंग जुळवायची. संध्याकाळी वीबे म्हणायचा, "हं, जवळ आलीस." सकाळी म्हणायचा, "काल बरा होता. रात्रीत कशाला हात लावलास?"

"मी हात लावला नाही!"

"मग कुणी लावला, मांजरानं?"

दर मंगळवारी गावच्या सभागृहात चित्रकारांचं मंडळ जमायचं. नऊ म्हातारे-म्हाताऱ्या. दहाला कॉफी, माणशी एक बिस्कीट, की डब्याला झाकण. मंडळाचा अध्यक्ष लामेर्ट हा शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. निवृत्त तो शाळेपुरताच झाला होता.

"तू पाण्याला टर्पेंटाइन समजतेस, रिन्स्के," सगळ्यांसमोर तो म्हणाला. "दर फटकाऱ्याला ब्रश बुडवायची तुझी जुनी खोड. टर्पेंटाइनला ते चालायचं. इथं पाणी पहिल्या थराला घालायचं, वर जवसाचं तेल. तिसऱ्यांदा सांगतोय."

"तुझं सांगून संपलं असेल तर बिस्कीट खा," रिन्स्के म्हणाली.

तो बरोबर होता. म्हणून तर तिनं आणखी दोन आठवडे ऐकलं नाही. शेवटी दात-ओठ खात बाजारातून जवसाचं तेल आणलं, पाण्याची बरणी खिडकीच्या कट्ट्यावर लांब ठेवली. हात तरी बरणीकडे जायचाच, तेव्हा स्वतःच्याच मनगटावर चापट मारायची. जूनच्या मध्यावर हिरवा जमला. संध्याकाळी जमला आणि सकाळीही तोच राहिला. आकाश तर फारच उतरलं होतं, बांधावर रेललेलं, दमट, राखी. असं आकाश तिला टर्पेंटाइनच्या काळातही साधलं नव्हतं. आठवडाभर वाळू देऊन तिनं चित्र भिंतीवर चढवलं आणि हात पुसत बाजूला उभी राहिली.

वीबेनं बघितलं. यंत्र घुरघुरत होतं.

"हिरवा बरोबर आहे."

"पण?"

"पण काही नाही." आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

बिलियर्डचं टेबल परवडलं! रिन्स्केनं हातातलं फडकं फेकलं, ते ऑक्सिजनच्या यंत्रावर जाऊन पडलं.

"तीन महिने, वीबे! तीन महिने तुझ्या गवताच्या मागं धावतेय मी. गुडघे गेले माझे त्या बांधावर. काय हवंय ते तोंड उघडून सांग, नाही तर मी ही भिंत पांढरी रंगवते आणि तू तीच बघत बस."

तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी काचेतून हात केला. दोघांनीही सवयीनं हात केला.

"वारा कुठं आहे?" वीबे म्हणाला.

"वारा?"

"मी खिडकीशी उभा राहून काय बघायचो असं वाटतं तुला?"

"गाई."

"गाईंचं काय बघायचंय? त्या ओरडल्या की खाली ऐकू येतात. मी ती तीन भुतं बघायचो."

बांधाला लागून तीन विजेच्या पवनचक्क्या होत्या, पांढऱ्या, चर्चच्या मनोऱ्याच्या तिप्पट उंच. त्या होऊ नयेत म्हणून वीबेनं ट्रॅक्टरला फलक बांधून कचेरीपुढं ठिय्या दिला होता. ज्याच्या जमिनीत त्या उभ्या राहिल्या त्याच्याशी तो सहा वर्षं बोलला नव्हता. त्या चित्रात घालायच्या, असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. मंडळात तर त्या कुणीच काढायचं नाही. नियम असा लिहिलेला नव्हता, पण पवनचक्क्या, विजेचे खांब आणि पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले गवताचे गठ्ठे, हे सगळ्यांच्या ब्रशाला आपोआप दिसेनासं व्हायचं. लामेर्ट तर दर चित्रात एक लाकडी पवनचक्की घालायचा, जी त्याच्या आजोबांच्या वेळीच जळून गेली होती.

"तुला त्यांचा राग येतो!"

"येतो ना. ज्याचा राग येतो त्याच्याकडे रोज लक्ष ठेवावं लागतं." एवढं बोलून त्याला दम लागला. तो थांबला, श्वास गोळा केला. "वारा फिरला की त्यांची तोंडं त्याच्याकडे फिरतात. पश्चिमेचा वारा असला की पाती अंग चोरून काठीसारखी उभी दिसतात. दक्षिणेचा असला की सगळं तोंड आपल्याकडे. त्यावरून मी दिवस ठरवायचो. गवत कापायचं की नाही, गोठ्याचं कुठलं दार उघडायचं. तुझ्या या चित्रात, रिन्स, कुठलाच दिवस नाही."

"मग सांगायचं होतंस!"

"मला वाटलं तुला दिसेल. तूही त्याच खिडकीतून बघतेस."

हे तिला लागलं. ती तडक वर गेली, एकेका पायरीला शिव्या देत. खिडकीशी उभी राहिली तर समोर तिन्ही होत्या, दुसरं काही दिसूच नये इतक्या मोठ्या. तीन महिने रोज इथं उभी राहून तिनं रेखाटनं केली होती, आणि तिच्या वहीत एकही पवनचक्की नव्हती. चित्रातून वगळणं तिला समजलं असतं. तिला त्या दिसल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पांढऱ्यात किंचित निळा-राखी कालवला. स्वयंपाकघरातली पट्टी लावून तिनं तीन दांडे ओढले. रंग अडखळला, एक दांडा तिरका आला, तो पुसून पुन्हा ओढला. वारा दक्षिणेचा होता, पाती पूर्ण उघडलेली. तिच्या त्या आकाशाची, आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या आकाशाची, तिनं आपल्या हातानं तीन ठिकाणी वाट लावली.

वीबेनं बघितलं. मग कोपरावर जोर दिला, कठडा धरला आणि उठून बसला. पाय खाटेवरून खाली सोडले.

"दक्षिण. दुपारनंतर पाऊस येणार. कॉफी आहे का?"

रिन्स्केनं त्याला दोन बिस्किटं दिली. असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

तो आनंद चोवीस तासही टिकला नाही. सकाळी ती खाली आली तर वीबे आडवा.

"आता काय झालं?"

"हे कालचं आहे. पहाटे वारा फिरला. धुराड्यात ऐकला मी."

"वीबे, हे चित्र आहे. चित्रात वारा एकदाच वाहतो!"

"मग लग्नाचा फोटो काय वाईट होता?"

मोबाईलमध्ये वाऱ्याची दिशा दिसते, असं तिनं सांगून पाहिलं. तो म्हणाला, त्या मोबाईलला माझं कुरण ठाऊक आहे का? दीड मीटरचा कॅनव्हास याच्या डोक्यात कसा घालता येईल याचा तिनं मनापासून विचार केला. मग वर जाऊन आली. खरंच, पश्चिम. तिन्ही काठ्या.

तिनं भांडी पुसायचं फडकं नळाखाली ओलं केलं आणि चित्रावरच्या पहिल्या पात्यावर टेकवलं. पातं निघून आलं. खालचं आकाश वाळून घट्ट झालेलं होतं, ते जागचं हललं नाही. जुन्या रंगांना इथं टर्पेंटाइन लागलं असतं, आणि टर्पेंटाइन म्हणजे पुन्हा नर्सबाई. इथं नुसतं पाणी पुरलं. नऊच्या नऊ पाती पुसून, नवीन काठ्या ओढून तिला बारा मिनिटं लागली. चार वर्षांत या रंगानं पहिल्यांदा तिचं काही ऐकलं होतं, पण तिनं ते वीबेला सांगितलं नाही. वीबे तोवर उठून बसला होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लामेर्ट आला. गावातली कलाफेरी दोन दिवसांवर आली होती, घराघरांतून आणि सभागृहात चित्रं मांडली जाणार होती. तो चित्रासमोर जाऊन उभा राहिला.

"हे आकाश तुझं आहे?"

"नाही, शेजारणीचं उसनं आणलंय."

"मधल्या भिंतीवर लावू. पण रिन्स्के, या तिघी काढून टाक."

"रोजच काढते."

"म्हणजे?"

"आणि रोज घालते," वीबे खाटेच्या कडेवरून म्हणाला. "आज वायव्य. तुझ्या त्या जळक्या पवनचक्कीला विचार जा, तिला कळतं का."

लामेर्टनं कपाळ चोळलं. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. रविवारी संध्याकाळी आणून देतो."

रिन्स्केनं चित्राकडे पाहिलं. मधली भिंत तिला इतक्या वर्षांत एकदाही मिळाली नव्हती. लामेर्टचीच लाकडी पवनचक्की दर वर्षी तिथं असायची.

"वाळलेलं नाही," ती म्हणाली.

"मग कधी वाळणार?"

"मला काय विचारतोस? वीबेला विचार."

तिनं चित्रावर सहीसुद्धा केलेली नाही. पुसून पुसून तीन ठिकाणी आकाशाला मळकट डाग पडलेत, कुंपणाला घासून गाईची पाठ उघडी पडते तसे, आणि ते रोज थोडे वाढतात. ते बघून तिचा जीव तळमळतो. तरी रोज सकाळी ती गुडघा धरून जिना चढते.

"काय ग, वर जाऊन झोपलीस की काय?" खालून हाक येते.

"ईशान्य!"

"ईशान्य? मग गवत वाळेल. ये खाली, फडकं ओलं कर."