कमलचं पान

कमल शेव आधी कानाजवळ धरून मोडायची, मग तोंडात घालायची. लग्नात, बारशात, कोणाकडे बसायला गेलो तरी हेच. "आवाज नाही आला. पिठात तेल कमी पडलंय," असं घरधनिणीच्या तोंडावर सांगून टाकायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कमल माझी बायको. सांवेर रोडच्या एका नमकीन कारखान्यात तीस वर्षं शेवेचं पीठ तिच्या हाताखालून गेलं. मी टेंपो चालवायचो. शाळा दोघांचीही नावापुरतीच.

तिथला जुना उस्ताद मसाला घालताना सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायचा. तो गेला आणि त्याचा मसालाही गेला. मग कारखाना वाढला, गुजरात-राजस्थानात शाखा निघाल्या, माल परदेशात जायला लागला. ऑफिसातली नेहा कमलला म्हणाली, "काकी, तुम्हाला जे येतं ते सगळं विकीवर टाकायचंय."

"विक्की? कोणाचा पोरगा तो?"

नेहा हसून लोटपोट. विकी म्हणजे कंपनीचं फोनमधलं पान. ज्याला जे येतं ते त्याने लिहायचं, खाली कोणीही प्रश्न विचारायचा, चुकलं तर दुसऱ्याने सुधारायचं. कमल म्हणाली, "चला, मी नाही पाठ फिरवणार." ती बोलायची, फोन लिहायचा.

एकदा ती बोलली, "बेसन रुसलं की हात लावू नका, ओल्या फडक्याखाली ठेवा." मशीनने त्याची हिंदी केली. दुसऱ्या दिवशी गुजरातहून प्रश्न आला, "मैडम, ये रशियन बेसन कहाँ से मँगवाना है?"

कमल डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग फोन तोंडाशी धरून म्हणाली, "रशियन नाही रे भिया, रुसलं! बायको रुसते ना, तसं. हात लावला की आणखी तुटतं."

तेव्हापासून प्रश्न यायचेच. रोज संध्याकाळी ती चष्मा लावून बसायची. कोणाची शेव तेल पितेय, कोणाची काळी पडतेय. आजारपणात उशीला टेकून उत्तरं द्यायची. मी चिडून म्हणालो, "माझ्याशी दोन शब्द नाहीत आणि जगाशी गप्पा."

"तुम्ही पण टाका की प्रश्न," ती म्हणाली. "पण विचारायचं तर काही माहीत करून घ्यायची इच्छा लागते."

लागलं मला ते. अजून लागतं. होळीच्या आधी ती गेली.

महिन्याभराने नेहा घरी आली. नवे साहेब पान साफ करणार होते. सगळं सरळ हिंदी-इंग्रजीत हवं, समजत नाहीत त्या ओळी काढून टाकायच्या. "काका, तुम्ही अर्थ सांगा. मी बाजूला लिहिते, म्हणजे काकींची ओळ तशीच राहील. नाही तर जाईल."

मी एकेक सांगत गेलो. तेल दम खातंय म्हणजे काय, झारा जड झाला म्हणजे काय. घरातलीच बोली, मला सगळी पाठ. छाती फुगली होती माझी. मग नेहाने वाचलं, "पीठ मावशीचं झालं की पाणी बंद."

कमलला मावशी नव्हती. तिची आई एकुलती एक.

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण कोणीतरी ते वाचून पीठ बिघडवलं असतं, तेही तिच्या नावावर. "मला नाही माहीत," मी म्हणालो.

"थांबा, पानाखाली विचारून बघते," म्हणत नेहाने फोनवर टाईप केलं. पाच मिनिटांत राजस्थानच्या शाखेतल्या कोणा बाईचं उत्तर आलं. नेहाने ते अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत करून मोठ्याने वाचलं.

"काकीजी ने बताया था. लहानपणी महूला आई दवाखान्यात होती, तेव्हा शेजारची एक बाई त्यांना कुशीत घेऊन झोपायची. तिला त्या मावशी म्हणायच्या. तिच्या दंडाइतकं मऊ पीठ हवं. हम सब यहाँ ऐसे ही देखते हैं."

आई दवाखान्यात होती हे मला ठाऊक होतं. रात्री ही पोर कोणाकडे झोपत असेल, हे एक्केचाळीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

"ओळ राहिली, काका," नेहा म्हणाली.

"हव," म्हणालो, आणि चहा ठेवतो सांगून आत गेलो. गॅस पेटवायचं सुचलं नाही.